सोसायटीच्या पूलचा व्हेरिएबल स्पीड पंप: अकरा महिने वापरून

बावधनच्या आमच्या सोसायटीचा पूल १५ मीटर लांब, ६ मीटर रुंद, सरासरी खोली १.२ मीटर. पाणी १ लाख ८ हजार लिटर. बिल्डरने बसवलेला दोन हॉर्सपॉवरचा पंप रोज बारा तास एकाच वेगाने भणभणायचा. गेल्या वर्षी मोटर तिसऱ्यांदा जळाली तेव्हा रिवाइंडिंगवाला म्हणाला, "काका, आता हिच्यात काही राम नाही." भोसरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं मेंटेनन्स केल्याची शिक्षा म्हणून कमिटीत असली कामं माझ्याच गळ्यात येतात. जुन्याच्या जागी व्हेरिएबल स्पीड, म्हणजे वेग कमीजास्त करता येणारा पंप घेतला. त्याच्या कंपनीचं आणि विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत.

विक्रेत्याने सुरुवातच "नव्वद टक्के वीज वाचेल" अशी केली. याला खोटं म्हणता येत नाही, पण अर्धवट म्हणता येतं. पंपाचा वेग निम्मा केला की पाणी निम्मं येतं, दाब चौथाईवर येतो आणि वीज हिशेबाने आठवा हिस्सा लागते. त्या आठव्या हिश्शाचा आकडा दाखवला की समोरचा गार. पण पाणी निम्मंच येतंय, तर तेवढंच पाणी गाळायला पंप दुप्पट वेळ चालवायला नको का? शिवाय कमी वेगाला ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग बदलणारं यंत्र, स्वतःही थोडी वीज खातो.

मी पंपरूममध्ये वेगळा सबमीटर बसवून घेतला. जुना पंप १.९ किलोवॅट ओढायचा, म्हणजे रोजची जवळजवळ २३ युनिटं. नवा पंप वीस तास १६०० आरपीएमवर (मिनिटाला १६०० फेरे) चालतो, तेव्हा ०.४ किलोवॅटच्या आसपास घेतो. सकाळी दोन तास पूर्ण वेगाने. रोजची १२ युनिटं. बचत निम्म्याची, नव्वद टक्क्यांची नाही. महिन्याचे चार हजाराला थोडे कमी वाचतात. पंप, फिटिंग, वायरिंग धरून १ लाख १५ हजार गेले. अडीच वर्षांत पैसे फिटतील, मधेच कंट्रोलर गेला नाही तर.

"पूर्ण वेग" याचीही एक गंमत आहे. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर जुनी मोटर २९०० च्या आसपास फिरायची. नव्याचा ड्राइव्ह स्वतःच फ्रीक्वेन्सी तयार करतो, त्यामुळे तो इथेही ३४५० पर्यंत जातो. तो अमेरिकेतला, ६० हर्ट्झवरचा नेहमीचा वेग. विक्रेत्याच्या माणसाने पंप ३४५० लाच ठेवून दिला होता. वीज जुन्यापेक्षा जास्त आणि सँड फिल्टरवर नको इतका जोर! मॅन्युअल वाचून मी २९०० वर आणला. पंपाबरोबर मॅन्युअल येतं ते वाचण्यासाठी असतं, एवढं तरी फिटरला कोणीतरी सांगायला हवं.

पहिल्याच आठवड्यात पूल सांभाळणारा मुलगा धावत आला, "काका, गेज मेलंय." फिल्टरवरचं दाबाचं गेज ठणठणीत होतं. पूर्ण वेगाला एक बार दाखवणारा काटा कमी वेगाला ०.२५-०.३ बारवर बसतो, एवढंच. पण मुद्दा महत्त्वाचा आहे: दाब अर्ध्या बारने चढला की बॅकवॉश (पाणी उलटं सोडून फिल्टर धुणं), हा त्याचा वर्षानुवर्षांचा नियम हळू चालणाऱ्या पंपाला लागू पडेना. फिल्टर तुंबत गेला तरी काटा हलेना आणि पाणी दुधाळ दिसायला लागलं. आता गेज फक्त सकाळच्या पूर्ण वेगात वाचायचं आणि बॅकवॉशही त्याच वेगात घ्यायचा. कमी वेगात वाळू नीट उसळत नाही, घाण तळाशी तशीच राहते. त्या दोन तासांत पाण्यावर तरंगणारा कचरा ओढणारा स्किमरही कामाला लागतो. एरवी मे महिन्यात गुलमोहराच्या पाकळ्या स्किमरच्या तोंडाशी येऊन तिथेच रेंगाळतात.

सगळ्यात गंभीर किस्सा ईएलसीबीचा, म्हणजे करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचचा. नवा पंप बसला आणि ईएलसीबी दिवसातून दोनदा पडायला लागला. अशा ड्राइव्हच्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थिंगला जातोच. आमच्याकडे पूलच्या काठचे दिवेही त्याच लाइनवर होते, सगळं मिळून मर्यादा ओलांडायची. इलेक्ट्रिशियनचा उपाय काय, तर "ईएलसीबी काढून टाकू." पोरं पाण्यात उतरतात तिथे! मी त्याला पंपरूमच्या बाहेर काढलं. शेवटी पंपाला स्वतंत्र लाइन ओढली आणि ड्राइव्हसाठी योग्य प्रकारचा वेगळा ईएलसीबी लावला. साडेसहा हजार जास्त गेले, पण त्यानंतर एकदाही पडलेला नाही. कोटेशनमध्ये याचा शब्दही नव्हता. तुम्ही घेणार असाल तर आधी विचारा.

दुसरी तक्रार घड्याळाची. महावितरण दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज बंद ठेवतं, हे पुणेकराला सांगायला नको. वीज आली की पंपाचं घड्याळ रात्रीचे बारा दाखवत परत सुरू होतं आणि सकाळचे दोन तास भलत्याच वेळी येतात. तक्रार केली, माणूस नवव्या दिवशी आला, "सर, हे असंच असतं" म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

आता कौतुक. आवाज! तळमजल्यावरच्या काकूंची खिडकी पंपरूमवरच आहे. पहिल्या रात्री त्यांचा फोन, "अहो, मोटर बंद पडली का? काहीच ऐकू येत नाही." आठ वर्षं त्या घरघरीवर झोपलेली बाई. पाणीही आता दिवसभर थोडं थोडं फिरत असल्यामुळे अधिक एकसारखं राहतं, क्लोरीन एका कोपऱ्यात साठत नाही. मी टिळक टँकवर पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो. तळाची फरशी स्पष्ट दिसली की मला अजून बरं वाटतं. सध्या दिसते.

एक गोष्ट विक्रेता सांगणार नाही. बचत होते ती हळू चालवण्यातून, नव्या मोटरचा वाटा त्यात थोडका. तुमची जुनी मोटर थ्री फेज आणि धडधाकट असेल तर तिच्यावरच एक व्हीएफडी (असाच वेग बदलणारा सुटा ड्राइव्ह) लावा, खर्च बराच कमी येतो. आमची सिंगल फेज, कपॅसिटरवाली होती, तिला असा ड्राइव्ह चालत नाही, वर जळालेली. म्हणून नवा घ्यावा लागला. पाचातले साडेतीन तारे पंपाला, दीड विक्रेत्याला.

पंपरूमच्या दारामागे त्या मुलाने खडूने लिहून ठेवलंय: "गुरुवार – लाइट आली की घड्याळ लावणे." खाली दर आठवड्याची एक रेघ. आजवर चुकलेली नाही.