डिअर झू : आठ प्राणी आणि एक फाटका फ्लॅप

लेकीच्या ‘डिअर झू’ या चित्रांच्या पुस्तकातलं माकड उघडं पडलं. म्हणजे त्याच्यावरचा फ्लॅप (उघडून आत बघायची झडप) दुमडीपासून सुटून लेकीच्या हातात आला. मग ज्या ऑनलाइन दुकानातून पुस्तक घेतलं होतं त्यांच्याशी जी हुज्जत झाली, तिने डोकं इतकं तापलं की आता सविस्तरच लिहिते.

रॉड कॅम्पबेलचं हे पुस्तक १९८२ पासून चालू आहे, त्यामुळे गोष्ट एका ओळीत: एक पोर प्राणिसंग्रहालयाला पत्र लिहून पाळायला प्राणी मागतं, ते एकेक पाठवत राहतात, आणि आत कोण आलंय ते फ्लॅप उघडून बघायचं. आमची बोर्डबुक आवृत्ती. पानांबद्दल तक्रार नाही. चावून झाली, वरणभातात लोळून झाली, ओल्या फडक्याने पुसली की पुन्हा तयार. पण फ्लॅप! जाड पुठ्ठ्याच्या पानांना हे असे पातळ कार्डाचे फ्लॅप. रोज उघडझाप सुरू झाली की दुमडीची रेघ आधी पांढरी पडते, मग तिथे कागदाचे तंतू सुटायला लागतात, आणि एक दिवस मूल फ्लॅप उघडायच्या ऐवजी त्यालाच धरून आख्खं पुस्तक उचलतं. खेळ खलास. कॅम्पबेल यांची डॉक्टरेट सेंद्रिय रसायनशास्त्रातली आहे म्हणे. त्या माणसाच्या पुस्तकाला जरा चिवट कागद द्यायला प्रकाशकाचं काय जात होतं?

दुकानवाल्यांनी आधी फोटो मागितला. मग दुसऱ्या बाजूने मागितला. मग म्हणाले, हे ‘वापरामुळे झालेलं नुकसान’ आहे, शिवाय परतीची मुदतही टळली आहे. अहो, फ्लॅपचं पुस्तक वापरायचं नाही तर काय देव्हाऱ्यात ठेवायचं? गंमत म्हणजे पुस्तकातलं पोर हत्ती मोठा म्हणून परत पाठवतं, जिराफ उंच म्हणून, उंट चिडका म्हणून. सिंह, साप, माकड, बेडूक, सगळे परत! प्राणिसंग्रहालय एका शब्दाने विचारत नाही की मूळ खोकं जपून ठेवलंय का. माझे साडेतीनशे रुपये मात्र गेले ते गेलेच.

इथवर माझं मत एक तारा असं होतं. सासूबाई तर पहिल्यापासून म्हणत होत्या, एवढ्या पैशांत जत्रेतली दहा पुस्तकं आली असती.

पण फ्लॅप गेल्यावर एक पाहिलं. लेक माकडाच्या पानावर थांबेनाच. हत्ती उघडायची, सिंह उघडायची, सापाला हात लावताना माझ्याकडे बघून घ्यायची, आणि माकड आलं की सरळ पान उलटायची. आत कोण आहे हे तिला बाकीच्या पानांवरही पाठ होतं, पहिल्या आठवड्यातच झालं होतं. तरी तिथे उघडायचंच असायचं. म्हणजे तिला प्राण्यापेक्षा ते उघडणं हवं होतं. शिवाय उघडायच्या आधी मी मुद्दाम जरा थांबते आणि ती श्वास रोखून धरते, तेही उघड्या पडलेल्या माकडापाशी जमेना. मी आतापर्यंत या फ्लॅपना विक्रीची क्लृप्ती समजत होते. ते काढून टाकले तर पुस्तकात फारसं काही उरत नाही, हे तेव्हा कळलं. आणि म्हणूनच राग आणखी वाढला. ज्याच्यावर सगळा डोलारा, तेच कच्चं?

सेलोटेप लावू नका. कडा सुटतात, मूल त्या सोलून तोंडात घालतं. अप्पा बळवंत चौकात एका बाइंडरकाकांना दाखवलं. “ताई, हे बिजागरीचं काम आहे,” म्हणाले आणि बाइंडिंगच्या कापडाची बोटभर पट्टी आतून, एक बाहेरून लावून दिली. पैसे घ्यायला तयार नव्हते, दहा रुपये बळंच दिले. आता माकडाचा फ्लॅप पुस्तकात सगळ्यात मजबूत आहे. जरा ताठ उघडतो, पण लेकीला तोच आवडतो. जाताजाता बाकीच्या सातांनाही पट्टी लावून घेतली असती तर बरं झालं असतं, बेडकाची दुमड आता पांढरी व्हायला लागली आहे.

मजकुराबद्दल थोडक्यात. दर पानाला तेच वाक्य फिरून येतं, मोठ्यांना वीट येतो, मुलांना येत नाही. मी मराठीतच वाचते, “बाप रे, केवढा मोठा! दिला परत पाठवून!” याचा परिणाम असा की कात्रजच्या सर्पोद्यानात काचेपुढे उभं राहून तिने जोरात “परत पाठव!” अशी ऑर्डर सोडली. शेवटी प्राणिसंग्रहालयातून कुत्र्याचं पिल्लू कसं येतं, हे मला आजवर कुणी समजावलेलं नाही. लेकीला हा प्रश्न पडत नाही, तिचं ते लाडकं पान आहे.

तर आता साडेतीन तारे. अर्धा बाइंडरकाकांचा. जुनं घेत असाल तर विकणाऱ्याकडून आठही फ्लॅप उघडून फोटो मागवा, नुसत्या कव्हरवर जाऊ नका. भाच्याच्या वाढदिवसाला मी हेच देणार आहे, पण दुकानात जाऊन, एकेक फ्लॅप स्वतः उघडून बघून. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू दे.