‘एकदाच नेसलेली’ पैठणी आणि परत न येणारे पैसे

लग्नसराई जवळ आली की इन्स्टाग्रामवर अशा पोस्टी दिसायला लागतात: ‘प्युअर सिल्क पैठणी, एकदाच नेसलेली, बांगडी मोर पदर, फक्त ६,५००. आधी पैसे पाठवेल तिची.’ फोटो चार, चारही सुलट बाजूचे. पुण्यात लक्ष्मी रोडवर एवढ्या पैशात हातमागाच्या पैठणीची घडीसुद्धा कुणी मोडून दाखवणार नाही, म्हणून बोट लगेच यूपीआयकडे वळतं. चार दिवसांनी पार्सल येतं. साडी सेमी, म्हणजे अस्सल रेशमाची नसलेली, निघते, निऱ्यांच्या घडीवर विरलेली असते आणि ब्लाउजपीस कापून गेलेला असतो. तक्रार केली की ठरलेलं उत्तर येतं: ‘ताई, जुन्या साड्यांना रिटर्न नसतो, पोस्टमध्ये लिहिलंय.’

इथवर फसवणूक निम्मीच झालेली असते. उरलेली निम्मी पैसे परत मागताना होते, आणि तिथे बऱ्याचदा गिऱ्हाईकच घाईने आपली बाजू कच्ची करून बसतं.

भांडायचं कशावरून ते आधी पक्कं हवं. साडी जुनी आहे, घडीचे वळ आहेत, रंग थोडा उतरलाय, ही तक्रार टिकत नाही; जुनी म्हणूनच ती स्वस्तात घेतली. टिकते ती एकच तक्रार: सांगितलं एक आणि आलं दुसरं. १९३०च्या माल विक्री कायद्याचं कलम १५ नेमकं हेच सांगतं, की वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे. ते नव्या-जुन्या दोन्ही मालाला लागू आहे. ‘नो रिटर्न’ची ओळ ‘मला आता आवडत नाही’ म्हणणाऱ्याला अडवू शकते, ‘प्युअर सिल्क’ म्हणून पॉलिएस्टर पाठवणाऱ्याला ती वाचवत नाही.

म्हणून पार्सल हातात आल्यावर पहिलं पथ्य म्हणजे साडी फॉल-पिकोला टाकायची नाही. आपल्याकडे ही सवय इतकी मुरलेली आहे की पिशवी उघडल्या दिवशीच साडी कोपऱ्यावरच्या फॉल-पिकोवाल्याकडे आणि ब्लाउजपीस शिंप्याकडे जातो. एकदा कात्री लागली की विषय संपला. धुणं, ड्रायक्लीन, इस्त्री, टॅग काढणं, सगळं थांबवा. पार्सल फोडताना व्हिडिओ एकसलग घ्या: आधी चिकटवलेलं लेबल आणि त्यावरचा नंबर, मग सहाही बाजू आणि टेपची शिवण, मग कापणं, मग साडी पूर्ण उलगडणं. मधे थांबवून पुन्हा सुरू केलेला व्हिडिओ विक्रेता हमखास नाकारतो. ‘अनबॉक्सिंग व्हिडिओ नाही तर तक्रार नाही’ ही काही कायद्यातली अट नव्हे, पण व्हिडिओ असला की तो वाद तिथेच मिटतो. कुरियरवाल्याच्या पाकिटासकट पार्सलचं वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून तेही व्हिडिओत दाखवा. याचा उपयोग पुढे कळेल.

मग तपासणी. पैठणी असेल तर पदर उलटा करा. हातमागावर प्रत्येक रंगाची वेगळी कांडी फिरते आणि शेजारच्या रंगाचा धागा एकमेकांत अडकवून मोर, मुनिया, असावली अशी नक्षी विणली जाते. त्यामुळे उलटी बाजूही जवळजवळ सुलटीसारखीच दिसते. यंत्रमागाच्या पदरामागे लांब सुटे धागे लोंबतात किंवा कापलेल्या धाग्यांची खरखरीत कूस हाताला लागते. चारही फोटो सुलट बाजूचे का होते, ते इथे कळतं.

रेशीम ओळखायला खोचायच्या टोकाला पिकोजवळ सुटलेले धागे घ्या, पण एक ताण्याचा (उभा) आणि एक बाण्याचा (आडवा). एकीकडे रेशीम आणि दुसरीकडे पॉलिएस्टर अशी भेसळही चालते. चिमट्यात धरून पेटवा. रेशमाला जळक्या केसांचा वास येतो, ज्योत काढली की ते विझतं आणि मागे चुरडली जाणारी काळी राख राहते. पॉलिएस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी होतो. व्हिस्कोस कागदासारखं भुरभुर जळतं. हे सगळं कॅमेऱ्यासमोर करा आणि साडीला कात्री लावू नका. ‘सिल्क मार्क’चं लेबल बरोबर आलं म्हणून हुरळून जाऊ नका. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने ही खूण २००४ पासून दिली जाते आणि ती चांगली आहे, पण लेबल सुटं असतं, साडीत विणलेलं नसतं. एका साडीचं दुसरीला अडकवायला दोन मिनिटं लागतात.

यानंतर साडी खिडकीच्या उजेडासमोर धरा, एकेक हात सरकवत. प्लॅस्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षं एकाच घडीवर पडलेलं रेशीम त्या घडीवर विरतं; जमिनीवर पसरलेल्या साडीत ते दिसत नाही, उजेड आरपार आला की काचेसारख्या पारदर्शक रेघा दिसतात. रफू असेल तर तिथे विणीची दिशा बदललेली दिसते. शेवटी टेपने लांबी मोजा: साधारण साडेपाच मीटर साडी आणि पाऊण-एक मीटर ब्लाउजपीस. जॅकेट, कुर्ता, शर्ट असेल तर लेबलावरचा साइझ सोडून द्या. कपडा सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. २० इंच भरला तर छाती ४०. विक्रेत्याने ‘एल’ म्हटलं होतं की ४२ म्हटलं होतं, यावर वाद घालण्यापेक्षा टेप धरलेला फोटो पुरे.

आता मेसेज. रागाचा नको, आणि फोनवर तर अजिबात नको, कारण बोललेलं हवेत जातं. असा लिहा: ‘आपल्या पोस्टमध्ये प्युअर सिल्क, एकदाच नेसलेली, ब्लाउजपीससह असं वर्णन होतं, स्क्रीनशॉट जोडला आहे. मिळालेल्या साडीचा बाण्याचा धागा पॉलिएस्टर आहे, घडीवर तीन ठिकाणी विरली आहे, ब्लाउजपीस नाही; व्हिडिओ जोडला आहे. साडी वापरलेली नाही, परत द्यायला तयार आहे. ६,५०० रुपये आणि परत पाठवण्याचा खर्च ७ दिवसांत परत करावा.’ त्यांचं वाक्य आणि समोरचा कपडा, एवढंच शेजारी ठेवायचं. व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबला जाऊन विरलेल्या रेघा पुसट होतात. पोस्टचा स्क्रीनशॉट मात्र पैसे भरायच्या आधीच हवा. स्टोरी २४ तासांत जाते आणि पोस्ट वाद सुरू होताच उडते. खात्याचं नावही बदलतं. म्हणून प्रोफाइलमधल्या ‘खात्याविषयी’ या पानाचा स्क्रीनशॉट घ्या; खातं कधी उघडलं ते तिथे दिसतं आणि आधीची नावं किती होती तेही. दहा दिवसांपूर्वी उघडलेलं खातं आणि त्यावर दोनशे ‘समाधानी ताईं’चे मेसेज, यावरून काय ते ओळखा.

विक्रेता ‘पाठवा परत’ म्हणाला की सुटकेचा श्वास टाकू नका, कारण नेहमीचा डाव इथे पडतो. साडी परत जाते आणि तिकडून मेसेज येतो: ‘तुम्ही दुसरीच साडी पाठवलीत.’ यावर उतारा म्हणजे वजन. पोस्टात स्पीड पोस्ट करा. पावतीवर ग्रॅममध्ये वजन छापून येतं. आलेल्या पार्सलचं वजन व्हिडिओत आहे, गेलेल्याचं सरकारी पावतीवर आहे, आणि दोन्ही जुळतात. पॅकिंग तेच वापरा, बांधतानाचा व्हिडिओ घ्या, पोच मागा. आणि पाठवण्याआधी ‘साडी मिळाल्यावर इतक्या दिवसांत, या खात्यावर, पूर्ण रक्कम’ हे चॅटमध्ये लिहून घ्या. नुसत्या ‘बघतो ताई’वर पार्सल हलवू नका.

दुसरा डाव ‘निम्मे पैसे घ्या आणि साडी ठेवा’ किंवा ‘पुढच्या खरेदीत वळते करू’. निम्म्यावर समाधान असेल तर घ्या, पण ‘तक्रार मिटली’ असं लिहून देण्याआधी पैसे खात्यात दिसू द्या. तिसरा डाव सर्वांत वाईट: ‘रिफंड अडकलाय, हा क्यूआर स्कॅन करा’ किंवा ‘या लिंकवर पिन टाका’. यूपीआय पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही. त्या पिनने ६,५००च्या मागे आणखी २०,००० गेले, तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी थोपवायचे तर मिनिटं मोजावी लागतात.

पैसे कसे दिले यावर पुढचा रस्ता ठरतो. यूपीआयने थेट माणसाच्या खात्यात दिलेले पैसे ‘माल खराब निघाला’ म्हणून बँक उलटे फिरवत नाही. क्रेडिट कार्डाने दिले असतील तर बँकेकडे ‘माल वर्णनाप्रमाणे नाही’ असा वाद दाखल करता येतो. बँक पुरावा मागते, आणि तुम्ही माल परत द्यायचा प्रयत्न केलात का, हेही विचारते. वरचा मेसेज इथे कामी येतो. यूपीआय असेल तर पैसे पाठवण्याआधी दिसणारं बँकेतलं नाव आणि १२ आकडी व्यवहार क्रमांक जपून ठेवा. ‘अमुक वॉर्डरोब’ नावाच्या पानामागचा खरा माणूस पुष्कळदा तिथेच सापडतो.

विक्रेता गप्प बसला आणि विक्री एखाद्या अ‍ॅपवरून झाली असेल, तर आधी त्या अ‍ॅपच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यावा लागतो. वर्णनाशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. तिथेही दाद नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. ती हुकूम देऊ शकत नाही, पण तिथून पत्र गेलं की नोंदणीकृत व्यवसाय बऱ्याचदा हलतात. नुसत्या इन्स्टाग्राम पानांवर तिचा फार जोर चालत नाही. पुढे १५ दिवसांची मुदत देणारी लेखी नोटीस आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता सुरतेचा असला तरी तक्रार पुण्यात करता येते, कारण २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा ग्राहकाच्या राहत्या ठिकाणी दाखल करू देतो. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लागत नाही, ‘ई-जागृती’ या सरकारी पोर्टलवर घरबसल्या भरता येते, मुदत दोन वर्षं. अडतं ते एकाच गोष्टीवर: विक्रेत्याचं नाव आणि पत्ता. म्हणून पार्सलचं पाकीट फाडून केरात टाकू नका, पाठवणाऱ्याचा पत्ता त्यावरच असतो.

एक फरक मात्र आहे. नेहमी धंदा न करता कुणी आपल्या कपाटातली एखादी साडी विकली, तर ई-कॉमर्सचे नियम तिला लागू होत नाहीत. तिथे कलम १५ आहे, पण त्यासाठी दिवाणी दावा, आणि साडेसहा हजारांसाठी तो कुणी करत नाही. अशा वेळी पार्सल मागवूच नका. दोघीही पुण्यात असाल तर गरवारे कॉलेज किंवा नळ स्टॉप मेट्रो स्टेशनवर दिवसाउजेडी भेटा. पदर उलटा करा, घड्या उजेडासमोर धरा, ब्लाउजपीस मोजा आणि मगच पैसे पाठवा. ज्या ताईंची साडी खरी असते त्यांची याला हरकत नसते. त्याही तुमच्यासारख्याच धास्तावलेल्या असतात, कारण साडी हळदीला नेसून दुसऱ्या दिवशी ‘वर्णनाप्रमाणे नाही’ म्हणत परत करणारी गिऱ्हाइकंही आहेत. काखेतला घामाचा डाग आणि अत्तराचा वास व्हिडिओत दिसत नाही, पण परत आलेल्या साडीत तो असतोच.