चुकीचे भरलेले राउंड उघडायचेत: हातोडा पुलर घ्यावा का कोलेट?

घरी रायफलची काडतुसं (राउंड) भरणाऱ्यावर चुकीचे भरलेले राउंड परत उघडायची वेळ कधी ना कधी येतेच. पन्नास राउंड रांगेत उभे, छान चकचकीत, आणि मग नजर जाते टेबलावरच्या दुसऱ्या उघड्या डब्याकडे. माझ्या बाबतीत तो डबा बुलेटचा होता. .३०८ कॅलिबरच्या राउंडमधे १६८ ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं माप) बुलेट बसवत होतो, मधेच फोन आला, उठलो, परत येऊन बसलो आणि शेजारच्या १७५ ग्रेनच्या डब्यातून उचलायला लागलो. कितव्या राउंडपासून ते काही केल्या आठवेना. लोड, म्हणजे पावडरचं प्रमाण, १६८ साठी ठरवलेला, त्यावर जड बुलेट बसली की प्रेशर वाढतं, आणि मी आधीच वरच्या मर्यादेच्या जवळ होतो, त्यामुळे "उडवून टाकू, काय होतंय" हा पर्याय तिथल्या तिथे बाद.

सगळ्यात आधी एक काम केलं आणि ते तुम्हीही करा, पन्नासच्या पन्नास राउंड वेगळ्या डब्यात टाकून वर जाड मार्करने "उघडायचे" असं लिहून ठेवलं. हसू नका, पंधरा दिवसांनी तोच डबा चुकून रेंजवर जातो.

मग वाटलं वजन करून वेगळे काढू. नाही जमलं. बुलेटच्या वजनातला फरक ७ ग्रेन, म्हणजे अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी (१ ग्रॅम म्हणजे साधारण १५.४ ग्रेन), आणि माझ्या केसेस (काडतुसाच्या पितळी नळ्या) दोन-तीन वेगवेगळ्या शिक्क्यांच्या, म्हणजे कंपन्यांच्या, नुसत्या रिकाम्या केसेसच्या वजनातच त्याहून जास्त फरक. तयार राउंडचं वजन एकाच गोष्टीसाठी कामाचं, पावडरच घालायची राहून गेली असेल तर. .३०८ मधे चाळीसेक ग्रेन पावडर असते, ती अख्खी गायब असेल तर काटा लगेच सांगतो. पण दोन-तीन ग्रेन जास्त पडलीय का हे त्यावरून कळत नाही, आणि कळतं म्हणणाऱ्याला आधी त्याच्या रिकाम्या केसेस तोलून दाखवायला सांगा.

म्हणजे उघडणं आलं. बुलेट ओढून काढायच्या साधनाला पुलर म्हणतात, आणि तिथे प्रश्न येतो हातोडा घ्यायचा की कोलेट. बरेच जण किती राउंड उघडायचेत त्यावर ठरवतात. माझं मत थोडं वेगळं आहे, चूक कशात झालीय त्यावर ठरवा. बुलेट, पावडर, प्रायमर (केसच्या बुडातली, ठिणगी देणारी छोटी टोपी), का नुसती बुलेट बसवायची खोली, प्रत्येकाला उत्तर वेगळं येतं.

आधी हातोडा. दिसायला प्लास्टिकचा हातोडाच, डोकं आतून पोकळ. राउंड त्यात उलटा अडकवायचा, केसच्या बुडाला छोटा चक धरून ठेवतो, वरून टोपी घट्ट करायची आणि कडक जागेवर आपटायचं. हातोडा थांबतो, बुलेट स्वतःच्या वजनाने पुढे जायला बघते, दोन-तीन फटक्यात बुलेट आणि पावडर दोन्ही खाली पोकळीत. जड बुलेट पटकन निघते, .२२३ मधली ५५ ग्रेनची हलकी बुलेट मात्र जीव खाते, सात-आठ फटके सहज. आपटायला लाकडाचा ओंडका उभा ठेवून त्याचं कापलेलं टोक सगळ्यात चांगलं. मऊ पाटावर किंवा सतरंजीवर आपटाल तर नुसता हात दुखेल, फटक्याचा जोर सगळा सतरंजीच खाते. तळाशी कानात घालायच्या फोमच्या बोळ्याचा तुकडा टाकला की बुलेटचं टोक चेपत नाही.

फायदा म्हणजे एकाच हातोड्यात बहुतेक सगळे कॅलिबर निघतात, प्रेस (काडतुसं भरायचं दांड्याचं यंत्र) लागत नाही, आणि स्वस्त. तोटा म्हणजे पावडर सांडून बुलेटमधे, फोममधे, चकच्या फटीत, सगळीकडे. आवाज तर विचारूच नका, घरात कोणी झोपलेलं असेल तर शिव्या नक्की. आणि वीस-पंचवीस झाले की खांदा बोलायला लागतो. हो, चक त्याच्याबरोबर आलेलाच वापरा, प्रेसचा शेल होल्डर (केस धरायचा तुकडा) त्यात बसतो म्हणून बसवू नका. डोळ्यांवर चष्मा पाहिजेच. आणि रिमफायरचा राउंड यात कधीच घालायचा नाही, त्याचा प्रायमर बुडाच्या कडेतच असतो, आपण नेमकं तिथेच धरणार.

आता कोलेट पुलर. हा डायसारखा (डाय म्हणजे प्रेसमधे बसणारा साचा) प्रेसच्या वरच्या आट्यांमधे बसतो, नेहमीचे ७/८-१४ चेच आटे. रॅम (केस वर-खाली नेणारा प्रेसचा दांडा) वर केला की बुलेट कोलेटच्या आत जाते, वरची दांडी फिरवून कोलेट आवळायचा, रॅम खाली घ्यायचा, केस खाली जाते आणि बुलेट वर पकडलेली राहते. पावडर केसमधेच! या एका गोष्टीसाठी लोक याच्यावर जीव टाकतात. आवाज नाही, सांडासांड नाही, हात बसला की एकेक राउंड काही सेकंदात. पण कोलेट प्रत्येक व्यासाला वेगळा, .२२४ ला (.२२३ च्या बुलेटचा खरा व्यास) एक, .२६४ ला दुसरा, .३०८ ला तिसरा. तीन-चार रायफली असतील तर बॉडी एक आणि कोलेट चार, हिशोब वाढतो.

आणि यात एक मेख आहे जी दुकानातला माणूस सहसा सांगत नाही. कोलेटला पकडायला बुलेटचा सरळ भाग लागतो. बुलेट आखूड असेल किंवा इतकी खोल बसली असेल की केसच्या तोंडाबाहेर नुसता निमुळता भागच उरलाय, तर कोलेट घसरतो. जास्त आवळला तर बुलेटवर वळ उठतात नाहीतर ती चेपते. शिशाच्या मऊ बुलेटला तर हा चालतच नाही म्हणा.

तर चूक खोलीची असेल तर काय? बुलेट बाहेर जास्त राहिली असेल तर पुलर लागतच नाही, सीटिंग डाय (बुलेट बसवायची डाय) थोडी खाली घ्या, परत दाबा, झालं. पण जास्त खोल गेली असेल तर हातोडाच. एक हलका फटका मारायचा, कॅलिपरने मोजायचं, परत एक हलका, बुलेट मापापेक्षा थोडी बाहेर आली की थांबून डायने बरोबर बसवायची. अख्खा राउंड उघडायची गरजच नाही, पावडर जागची हलत नाही. कोलेटने हे करायला जाल तर एकतर बुलेट घसरेल नाहीतर पूर्णच निघेल. मला विचाराल तर फक्त या कामासाठीसुद्धा हातोडा घरात असावा.

चूक बुलेटची असेल, माझ्यासारखी, म्हणजे पावडर बरोबर, प्रायमर बरोबर, फक्त वर बसलंय ते चुकीचं, तिथे कोलेटला तोड नाही. माझ्याकडे तेव्हा हातोडाच होता. पहिले बारा राउंड त्याने उघडले, बाराही वेळा पावडर फोमच्या कणांबरोबर बाहेर आली. एकाच बरणीतली होती हे माहीत होतं, गाळून परत तोलता आली असती, पण कंटाळलो आणि टाकून दिली. मग कोलेट आणला आणि उरलेले अडतीस एका बैठकीत. बुलेट काढायची, काट्यावर ठेवायची, १६८ का १७५ ते बघून दोन वाट्यांत टाकायची, भरलेली केस ट्रेमधे सरळ उभी, नंतर सगळ्यांत १६८ च बसवल्या. ट्रेला धक्का लागू द्यायचा नाही एवढंच, आणि बसवायच्या आधी टॉर्च मारून सगळ्या केसेसमधली पावडर एका पातळीला आहे ना हे बघून घ्यायचं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. बुलेट एकदा निघाली की केसच्या मानेची पकड थोडी कमी होते. परत बसवल्यावर बुलेटचं टोक टेबलावर टेकवून अंगठ्याने दाबून बघा, सरकली तर तो राउंड बाजूला. त्याची पावडर ओतून, केस रिकामी करून, साईझिंग डायमधली (केस मापात आणणारी डाय) जुना प्रायमर ढकलायची पिन काढून मान परत आवळून घ्यायची, पिन ठेवलीत तर ती जिवंत प्रायमरवर जाईल. पावडर आत असताना केस साईझिंग डायमधे घालायची नाही, कितीही घाई असली तरी.

चूक पावडरची असेल किंवा पावडरबद्दल नुसती शंका असेल तर गोष्ट गंभीर. पिस्तूलची वेगाने जळणारी पावडर रायफलच्या केसमधे भरली गेली तर ॲक्शन (बोल्ट बसतो तो रायफलचा भाग) फुटू शकते. रंग बघून, दाण्याचा आकार बघून पावडर ओळखता येत नाही, दोन पूर्ण वेगळ्या पावडरी दिसायला सख्ख्या बहिणी असतात. मेझरच्या (पावडर मोजून टाकायचं साधन) वरच्या नळीत काल काय उरलं होतं ते आठवत नसेल तर आजचे सगळे राउंड संशयित. अशा वेळी कोलेटचा तो "पावडर केसमधेच" वाला फायदा उरत नाही, कारण ती ओतूनच टाकायचीय. मग जे हाताशी आहे ते वापरा. मी तरी कोलेटच घेईन, पावडर बशीत शांतपणे ओतता येते, कोपऱ्यात उडत नाही. पण फक्त यासाठी नवीन विकत घ्यायची गरज नाही. काढलेली पावडर बरणीत परत घालायची नाही, शंका एक टक्का असली तरी, नाहीतर अख्खी बरणी संशयित होते आणि मग काय करणार.

उलटी चूक म्हणजे पावडरच नाही. रायफलमधे याचा धोका असा की नुसता प्रायमर बुलेटला थोडं पुढे ढकलून बॅरलच्या सुरुवातीला अडकवतो, आणि मागून दुसरा राउंड मारला की बॅरल फुगते नाहीतर फाटते. वर म्हटलं तसं, हे वजनावरून सापडतं, सापडतील तेवढेच उघडायचे, दोन-चार असतील तर हातोडा पुरे.

प्रायमरची चूक सगळ्यात त्रासाची, कारण वरपासून खालपर्यंत सगळं काढावं लागतं. लार्ज रायफल आणि लार्ज पिस्तूल प्रायमरचा व्यास सारखाच, .२१० इंच, पिस्तूलचा उंचीला थोडा कमी आणि त्याचा पत्रा पातळ. स्मॉलमधे तर बाहेरची मापं सारखीच, हाताला काही म्हणजे काही कळत नाही. पातळ पत्रा रायफलच्या प्रेशरला फाटला तर गरम गॅस मागे बोल्टकडे येतो. म्हणजे बुलेट काढा, पावडर काढा, आणि जिवंत प्रायमर असलेली रिकामी केस हातात उरते. बरेच जण तो डीकॅपिंग डायमधे (प्रायमर काढायची डाय) हळूहळू दाबून काढतात, होतं तसं, पण मी नाही करत. रिकामी केस रेंजवर रायफलमधे घालायची, कानात बोळे आणि डोळ्यांवर चष्मा घालून ट्रिगर दाबायचा, फट् आवाज, संपलं, मग मेलेला प्रायमर नेहमीसारखा काढायचा. केसमधे दाणाभरही पावडर आणि वर बुलेट नाही हे प्रत्येक वेळी डोळ्याने बघून. तेल टाकून ठेवलं की प्रायमर मरतो असं सांगणारे भेटतील, त्यावर विसंबू नका.

बिनखर्चाचा तिसरा मार्ग पण आहे, प्रेसमधली डाय काढायची, रॅम वर करायचा, वरच्या भोकातून बाहेर आलेली बुलेट पक्कडीने धरायची आणि रॅम खाली. निघते. बुलेट मात्र भंगारात. एक-दोन राउंड असतील आणि पुलर घरात नसेल तर ठीक, पन्नास असतील तर नको.

कुठलाही पुलर असो, क्रिम्प मारलेले (केसचं तोंड बुलेटवर दाबून घट्ट केलेले), जुने किंवा मानेत डांबरासारखं सीलंट लावलेले राउंड हट्टी असतात. सीटिंग डायने बुलेट अगदी किंचित आत दाबली की चिकटलेलं सुटतं, मग सहज निघते. पावडर आधीच दाबून भरलेली असेल तर हे करू नका. आणि ट्रेसर (जळत जाणारी बुलेट) किंवा कुठले ते माहीत नसलेले लष्करी राउंड उघडायलाच घेऊ नका, हातोड्यात तर नाहीच नाही.

मग घ्यायचं काय? एकच रायफल, नुकतीच सुरुवात, एका वेळी वीस-तीस राउंड भरता, तर हातोडा, डोळे झाकून. हलक्या बुलेटचं .२२३ शेकड्याने भरता तर पहिल्याच दिवशी .२२४ चा कोलेट घ्या, सात-आठ फटक्यांचा हिशोब शंभरने गुणून बघा. कॅलिबर तीन-चार असतील तर हातोडा सगळ्यांना, आणि ज्याचे सगळ्यात जास्त भरता त्या एकाचाच कोलेट. माझं हेच आहे, .३०८ चा कोलेट, बाकीच्यांना हातोडा.

काढलेल्या त्या १७५ च्या बुलेट अजून वेगळ्या डबीत आहेत. कोलेटचे पुसट वळ आहेत, मायक्रोमीटरवर माप बरोबर येतं, सरावाला चालतील. मॅचला नाही वापरणार.