टॉकीजमधला अंधार : आठ महिन्यांनंतर

गावात टॉकीज एकच, त्यामुळे नाव सांगायची गरज नाही. पत्र्याचं छत, लाकडी खुर्च्या, बायकांची वेगळी तिकीट खिडकी, सगळं आजोबांच्या वेळचं. बाल्कनी ८०, खाली ६०. मल्टिप्लेक्सला जायचं तर एसटीच्या जाण्यायेण्यातच तेवढे जातात. म्हणून आठ महिने इथंच बघतोय.

ढेकूण, पंख्यांची घरघर यावर लिहीत नाही. ज्याचं त्यानं बघावं. माझं दुखणं एकच, पडद्यावरचा अंधार. रात्रीचा सीन आला की नुसते आवाज. नक्की कोण मेलं, हे दोनदा शेजाऱ्याला विचारलंय. सप्टेंबर २०२५ मध्ये शंभरपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तिकीट मात्र ८० चं ८० च. म्हटलं, निदान त्या सात टक्क्यांचा उजेड तरी पाडा!

मॅनेजरशी जोरात वाजलं. ऑपरेटरकाका मला वर केबिनमध्ये घेऊन गेले. कोपऱ्यात कार्बनच्या कांड्या जाळून उजेड पाडणारी जुनी दोन प्रोजेक्टर मशिनं धूळ खात पडलेली. वीसेक मिनिटांचं एक रीळ, ते संपता संपता दुसरं मशीन चालू करायचं, शिवाय कांड्या जळतील तशा पुढे सारत राहायच्या. काकांनी ते नुसत्या हवेत करून दाखवलं. आता पिक्चर फाईलमध्ये येतो, पण उजेड झेनॉनच्या दिव्याचा. दिवा म्हातारा झाला की काच आतून काळवंडते. यांच्या दिव्याचे तास कधीच भरून गेलेले. "काल मॅटिनीला सहा माणसं होती. दिवा कशातनं आणायचा?" काका म्हणाले.

इथं दहा तिकिटं गेल्याशिवाय शो लागत नाही. पुढच्या रविवारी आठच जण जमलो, तेव्हा उरलेली दोन मीच काढली. खालची, १२० रुपयांत. घरी सांगितलेलं नाही.

अपडेट : संक्रांतीला नवा दिवा बसला! पहिल्याच शोला हिरॉइनच्या नथीतला मोती दिसला, मागून शिट्टी पडली. आधी दोन तारे दिले होते, आता चार.

पाचवा देणार नाही. या उजेडात पडद्याच्या डाव्या अंगाला वीतभर शिवण दिसायला लागलीय. हिरो तिकडून आला की गालावर टाके. मॅनेजरला म्हटलं, तर तो म्हणतो, "साहेब, अंधारात बरं होतं की." आता मी उजवीकडची खुर्ची धरतो.