इंग्रजी युक्तिवाद-लेखनाची कार्यपुस्तिका : घ्यावी, पण शिक्षकाने आणि एकच

यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत मी सहावी ते आठवीला इंग्रजी शिकवतो. आमची मुले पत्र, निबंध, संवाद बऱ्यापैकी लिहितात. पण ‘तुझे मत काय आणि ते का?’ असे इंग्रजीत विचारले की दोन वाक्यांत संपतात. म्हणून गेल्या दिवाळीत मी ‘आर्ग्युमेंट रायटिंग’ची एक कार्यपुस्तिका ऑनलाइन मागवली. किंमत ३४० रुपये. कुरियर गावापर्यंत येत नसल्यामुळे तालुक्याला जाऊन आणावी लागली, तो खर्च वेगळा. प्रकाशकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या धर्तीच्या पुस्तिका बऱ्याच निघाल्या आहेत आणि पुढे सांगितलेले दोष त्यांपैकी अनेकींत आढळतील. तीन महिने ती सातवी-आठवीच्या वर्गात प्रत्यक्ष वापरली आणि मगच हे लिहीत आहे.

पहिली अडचण शीर्षकापाशीच आली. ‘आर्ग्युमेंट’ म्हणजे काय, असे विचारताच वर्गाने एका सुरात ‘भांडण’ असे उत्तर दिले, आणि रोजच्या वापरातला तो अर्थ चुकीचाही नाही. पुस्तिकेतील पहिला पाठ हा गैरसमज चांगला दूर करतो. वस्तुस्थिती, आवड आणि दावा या तीन गोष्टी वेगळ्या करण्यासाठी त्यात वीस छोटी वाक्ये दिली आहेत. ‘आमची शाळा नदीकाठी आहे’ यावर वाद होऊ शकत नाही, ‘मला संत्री आवडतात’ यावरही नाही. ‘शाळेने आवारात संत्र्याची झाडे लावावीत’ यावर मात्र होऊ शकतो, आणि म्हणून तेवढाच क्लेम, म्हणजे दावा, ठरतो. (संत्री माझी, पुस्तिकेत ब्लूबेरी आहेत.) हा एक पाठ जरी नीट झाला तरी मुलांच्या निम्म्या चुका थांबतात, कारण ‘आय लाइक क्रिकेट’ हा दावा नव्हे हे त्यांना कळते.

दुसरा भाग एव्हिडन्सचा, म्हणजे पुराव्याचा. आकडे, स्वतःचे निरीक्षण आणि जाणकाराचे म्हणणे असे पुराव्याचे प्रकार त्यात सांगितले आहेत आणि ते योग्यच आहेत. उदाहरणे मात्र बर्फामुळे शाळेला मिळणाऱ्या सुट्टीची, लॉकरची आणि शीतपेयाच्या यंत्राची आहेत. ज्या भागात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात, तिथल्या मुलाने बर्फाच्या सुट्टीसाठी पुरावा कोठून आणावा? मी विषय बदलून ‘मार्चपासून शाळा सकाळच्या सत्रात भरावी’ हा दिला. मुलांनी आठवडाभर दुपारी दोन वाजता व्हरांड्यातील तापमापी वाचून आकडे वहीत उतरवले, टिनाच्या छपराखालच्या वर्गाचे आणि सिमेंटच्या वर्गाचे वेगवेगळे. पुस्तिकेतील रिकाम्या चौकटी प्रथमच स्वतःच्या मजकुराने भरल्या.

पुस्तिका खरी अडखळते ती तिसऱ्या घटकापाशी. रीझनिंग, म्हणजे पुरावा दाव्यापर्यंत कसा पोचतो हे उलगडून सांगणारा विचार, हा युक्तिवादाचा प्राण आहे आणि त्याला येथे जेमतेम अर्धे पान मिळाले आहे. ‘तुमचा पुरावा समजावून सांगा’ एवढीच सूचना, त्याखाली चार रेघा. मराठीतून विचार करणाऱ्या मुलासाठी ही उणीव अधिक महाग पडते, कारण आपण ‘कारण’ हा एकच शब्द रीझन, एव्हिडन्स आणि रीझनिंग या तिन्हींच्या जागी सहज वापरतो. परिणामी माझ्या वर्गातील बहुतेकांनी ‘बिकॉज’ लिहून पुरावाच पुन्हा एकदा उतरवला. ‘शाळा सकाळी भरावी, कारण दुपारी तापमान जास्त असते’ हे वाक्य पूर्ण वाटते, पण तापमान जास्त असले म्हणून शाळेची वेळ का बदलावी, हे त्यात कोठेही आलेले नाही. उकाड्यात लक्ष लागत नाही आणि भर दुपारी पायी घरी जाणाऱ्या मुलांना ऊन बाधते, हा सांधा जोडल्यावरच युक्तिवाद उभा राहतो.

स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५८ साली युक्तिवादाची जी मांडणी केली, तिच्यात या सांध्याला ‘वॉरंट’ असे स्वतंत्र नाव आहे. हॅरी बर्म्युडात जन्मला, म्हणून तो ब्रिटिश प्रजाजन असावा, हे टूलमिनचे उदाहरण प्रसिद्ध आहे. बर्म्युडात जन्मलेला माणूस सामान्यतः ब्रिटिश प्रजाजन असतो हा न बोललेला नियम त्या दोन विधानांना बांधून ठेवतो. आपल्या न्यायशास्त्रातील, म्हणजे तर्काच्या प्राचीन भारतीय शास्त्रातील, पंचावयवी (पाच भागांच्या) वाक्यात तर हा नियम उघडपणे बोलावाच लागतो: प्रतिज्ञा (दावा), हेतू (कारण), उदाहरण (नियम आणि त्याचा दाखला), उपनय (तो नियम समोरच्या गोष्टीला लावणे), निगमन (निष्कर्ष). पर्वतावर अग्नी आहे, कारण धूर दिसतो. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. वावरातून उपटलेल्या पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळलेल्या झाडांचा) ढीग धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जळताना ज्या मुलांनी लांबून पाहिला आहे, त्यांना मी हे फळ्यावर मराठीत मांडून दाखवले आणि नंतर त्याचेच इंग्रजी करायला लावले. अर्ध्या पानाने जे साधले नव्हते ते त्या एका तासात पुष्कळसे साधले. पुस्तिका लिहिणाऱ्यांनी संस्कृत परंपरा द्यावी अशी माझी अपेक्षा नाही. पण चार रेघांऐवजी चार पाने द्यायला हवी होती.

याउलट काउंटरक्लेमचा, म्हणजे प्रतिदाव्याचा भाग उत्कृष्ट आहे आणि केवळ त्यासाठीही पुस्तिका घेण्याजोगी आहे. विरोधी बाजू अशी लिहा की विरोधकाने वाचून मान डोलवावी, मगच तिला उत्तर द्या, अशी त्यात अट आहे. सकाळच्या शाळेविरुद्ध लिहिताना फाट्यापलीकडील गावातून येणाऱ्या एका मुलीने मांडले, की तिच्या गावाहून पहिली एसटी आठनंतरच निघते आणि आई पहाटेच कापूस वेचायला जात असल्यामुळे धाकट्या भावाचे आवरणे तिच्याकडे असते. तिचे इंग्रजी मोडके होते, पण वर्ग गप्प झाला. समोरच्या गटाला ‘ऑल स्टुडंट्स’ खोडून ‘मोस्ट स्टुडंट्स’ करावे लागले आणि दाव्यात सत्र बदलण्याआधी बसची वेळ बदलण्याची मागणी घालावी लागली. दाव्याला अशी मर्यादा घालणाऱ्या शब्दांना टूलमिनच्या मांडणीत ‘क्वालिफायर’ म्हणतात. पुस्तिकेत हा शब्द नाही, तरी त्याचा सराव आपोआप होतो.

मात्र हा भाग सहावीला लगेच देऊ नये. पुस्तिका ज्या अमेरिकी ‘कॉमन कोअर’ या शालेय अभ्यासाच्या निकषांवर बेतलेली आहे, त्या २०१० सालच्या निकषांतच पाचवीपर्यंत केवळ मतलेखन, सहावीपासून युक्तिवाद आणि विरोधी दाव्याची दखल सातवीपासून, असा क्रम आहे. मुखपृष्ठावर ‘सहावी ते आठवी’ छापून सर्वांना एकाच दमात सगळे देण्याचे कारण विक्रीखेरीज मला दुसरे दिसत नाही.

जोडशब्दांच्या यादीबद्दल थोडक्यात सांगतो: ती पाठ करून घेऊ नका. आमच्याकडे आठवडाभर प्रत्येक वाक्याची सुरुवात ‘मोअरओव्हर’ने होत होती. उत्तरसूचीत तीन ठिकाणी पुरावा आणि दावा यांची अदलाबदल झाली आहे. छपाई स्वच्छ आहे, पण कागद इतका पातळ की शाईचा पेन मागच्या बाजूला उमटतो.

पालकांनी प्रत्येक मुलासाठी ही विकत घेऊ नये. चौकटींत लिहिणे सोपे आहे, पण त्या योग्य भरल्या की नाहीत हे सांगणारे माणूस शेजारी नसेल तर पैसे वाया जातात. शिक्षकाने एक प्रत घेतली तर ३४० रुपये वसूल होतात. पहिला पाठ आणि प्रतिदाव्याचा भाग मी जसाच्या तसा वापरणार आहे, पुराव्याच्या भागात गावचे विषय घालणार आहे आणि रीझनिंगचे ते अर्धे पान वगळून धुऱ्यावरच्या धुरापासूनच सुरुवात करणार आहे.