डिजिटल टायमर वापरून टाकीतलं शेवाळ आटोक्यात आलं, पण बॅटरीचं काय?

दोन फुटी टाकी, १८ वॅटचा एलईडी, गप्पी आणि काळ्या मॉली. गाव दर्यापूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं, म्हणून खारट-जड पाणी सोसणारेच मासे ठेवले. दिवा ठरल्या वेळी लावणारा-विझवणारा बॅटरी बॅकअपवाला डिजिटल टायमर उन्हाळ्याच्या तोंडावर घेतला. दिवाळीनंतर त्यानं त्रास दिला, म्हणून हे लिहितोय.

आधी डायलचा टायमर होता, पंधरा-पंधरा मिनिटांच्या पिनांचा. जिथं लाईन जात नाही तिथं तो उत्तम. आमच्याकडे लाईन गेली की डायल जागीच थांबतो आणि लाईन आली की तिथूनच पुढं चालतो. दोन तास लाईन नसली तर टायमर दोन तास मागं. वादळी पावसाच्या दिवसांत सकाळी दहाचा दिवा संध्याकाळी लागायचा आणि मध्यरात्रीपर्यंत जळायचा. दिव्याचे तास आठच, पण दिवसा अंगणाकडच्या खिडकीचा उजेड आणि रात्री दिव्याचा. टाकीला अंधार मिळायचाच नाही. काच पुसली की काही दिवसांत पुन्हा हिरवी, झाडांच्या पानांवर केसाळ शेवाळ.

दुकानात शेवाळ मारायचं औषध दाखवलं. ते मी घेतलं नाही. तांब्याचं औषध गोगलगायींना मारतं. शिवाय आमच्या मे महिन्यात गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी, त्यात मेलेलं शेवाळ कुजायला लागलं तर मासे वर येऊन तोंड मारायला लागतात. यूव्हीचा दिवा फक्त पाण्यात तरंगणारं शेवाळ मारतो, काचेवर चिकटलेलं तसंच राहतं. तो टायमरपेक्षा महागही आहे.

डिजिटल टायमरनं मात्र खरंच फरक पडला. लाईन कितीही वेळा गेली तरी आतलं घड्याळ चालू राहतं, दिवा दहालाच लागतो आणि सहाला विझतो. खिडकीला जाड पडदा लावला, खाणं दिवसातून एकदाच, दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदल. पावसाळा लागेपर्यंत काच आठवडा-आठवडा स्वच्छ राहू लागली. बिलाचं म्हणाल तर आठ तासांनी महिन्याला साडेचार युनिटही होत नाहीत.

इथपर्यंत मी याला पाचपैकी पाच दिले असते.

पावसाळ्यात एकदा लाईन दीड दिवस गेली. आल्यावर स्क्रीनवर शून्य-शून्य, सगळा प्रोग्राम पुसलेला. तेव्हा वाटलं, दीड दिवस म्हणजे जास्तच. पण दिवाळीनंतर तासाभरातच घड्याळ पुसलं जायला लागलं. कंपनीला फोन केला तर बॅटरी वॉरंटीत येत नाही, टायमर नागपूरला पाठवा, कुरिअर तुमचं. कुरिअरला टायमरच्या निम्मी किंमत पडते! आत १.२ व्होल्टची छोटी रिचार्जेबल बॅटरी आहे आणि ती डाक देऊन पक्की बसवलीय. ज्या वस्तूचं सगळं मोल बॅटरीत आहे, तिची बॅटरीच बदलता येऊ नये, याचा मला फार राग आला. टीव्हीच्या रिमोटला झाकण असतं, याला का नसावं?

शेवटी तालुक्याच्या मोबाईल दुरुस्तीवाल्या पोरानं जुनी काढून नवी बसवून दिली, तेही चहापाण्याच्या पैशात. आता पुन्हा बरोबर चालतोय.

एक गोष्ट त्याच्या बाजूनं सांगतो. घड्याळ पुसलं गेलं की दिवा बंदच राहतो. दिवस-दोन दिवस अंधार पडला तर शेवाळालाच फटका, झाडांचं फार बिघडत नाही. डायलवाल्यात उलटं होतं, म्हणून तो मी परत लावणार नाही.

फिल्टरच्या तोंडाजवळच्या पानांवरचं काळं दाढीसारखं शेवाळ मात्र अजून आहे. त्याला या टायमरनं काही झालं नाही, ती पानं कापूनच काढतोय.

पाचपैकी साडेतीन. घेणार असाल तर दुकानातच विचारा: बॅटरी किती तास टिकते आणि घरी बदलता येते का. लाईन जाणाऱ्या गावात बाकीचे वीस प्रोग्राम कुणालाच लागत नाहीत.