फिक्स्ड क्लॉक की कर्व्ह ऑप्टिमायझर? ठाण्याच्या हवेतला हिशेब

रायझन ५००० मालिकेचा प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचा, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जोरात पळवायचा, तर मुख्य वाटा दोनच. एक जुनी, फिक्स्ड क्लॉकची: सगळ्या कोअरना (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागांना) एकच मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) आणि एकच व्होल्टेज ठोकून द्यायचं. दुसरी: पीबीओ (प्रोसेसरला स्वतःहून जास्त वेग घेऊ देणारी एएमडीची सोय) चालू करून त्यातल्या कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये प्रत्येक कोअरला उणे आकडा द्यायचा, म्हणजे त्याचं व्होल्टेज छाटायचं, आणि पुढचं प्रोसेसरवर सोडायचं. कागदावर दुसरीच सरस. सिंगल कोअरचा बूस्ट (एकाच कोअरवर काम असताना तो आपोआप घेतो तो जास्तीचा वेग) शाबूत राहतो आणि गेममध्ये तो जाणवतो. तरी ज्या मशीनवर पोटापाण्याचं काम चालतं, तिथे माझा कल पहिलीकडे आहे. या निवडीचा संबंध वेगाशी नाही; सेटिंग कच्चं राहिलं की मशीन कुठे आणि कसं कोलमडतं, त्याच्याशी आहे.

फिक्स्ड क्लॉक कोलमडतो तो बहुतेकदा लोडखाली, म्हणजे जड काम चालू असताना, तुमच्यासमोर. प्राइम९५ (प्रोसेसरला राबवून तपासणारा प्रोग्राम) त्याच्या स्मॉल एफएफटी चाचणीवर लावा. व्होल्टेज तोकडं असेल तर त्याचा एखादा वर्कर (चाचणीचा एक धागा) राउंडिंगची एरर देऊन थांबतो, नाहीतर विंडोजचा ‘क्लॉक वॉचडॉग टाइमआउट’वाला निळा पडदा येतो. त्या क्षणी आधी तापमान बघायचं. कोअर ८५ अंशांच्या वर असताना एरर आली तर व्होल्टेज वाढवू नका. वाढवलेलं व्होल्टेज आणखी उष्णता आणतं आणि तुम्ही गोल गोल फिरत राहता. ५० मेगाहर्ट्झ खाली या. तापमान ७५च्या आत असताना एरर आली तर ०.०१२५ व्होल्ट वाढवून पुन्हा तासभर चालवा. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) १.२५ व्होल्ट दिलेलं असूनही लोडखाली एचडब्ल्यूइन्फोत (सेन्सरचे आकडे दाखवणारा प्रोग्राम) एसव्हीआय२ टीएफएन, म्हणजे कोअरला प्रत्यक्ष मिळणारं व्होल्टेज, १.२० दाखवत असेल, तर आधी लोड-लाइन कॅलिब्रेशन (लोड आल्यावर घसरणारं व्होल्टेज सावरणारं सेटिंग) मधल्या पायरीवर आणा. मदरबोर्डचं मॅन्युअल मात्र वाचा: एका कंपनीची पहिली लेव्हल सगळ्यात कडक असते, दुसरीची सगळ्यात सैल. सगळ्यात कडक पायरी टाळलेलीच बरी, कारण लोड सुटताना व्होल्टेज क्षणभर उसळी घेतं.

कर्व्ह ऑप्टिमायझरची तऱ्हा उलटी. एक आकडा म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. सगळ्या कोअरना उणे ३० दिलं तरी सिनेबेंच (सगळे कोअर राबवणारी रेंडरची चाचणी) अर्धा तास बिनबोभाट चालतं, कारण सगळे कोअर एकदम राबतात तेव्हा फ्रीक्वेन्सी खालीच असते. गडबड होते ती मशीन निवांत असताना. ब्राउझरचा एक टॅब उघडला, एक कोअर झोपेतून उठून थेट ४.६ गिगाहर्ट्झच्या वर उडी मारतो, आणि नेमकं तिथलं व्होल्टेज तुम्ही छाटून ठेवलेलं असतं. पडदा काळा, मशीन रिस्टार्ट. निळा पडदाही नाही. त्यात चिप जितकी थंड तितका बूस्ट वर जातो, म्हणजे एसी लावलेल्या खोलीत हे जास्त होतं. उन्हाळ्याच्या दुपारी पास झालेलं सेटिंग रात्री एसीत पडतं, आणि संशय एसीवर कोण घेणार?

माझ्यापुरता निकाल लागला तो पुढच्या कटकटीने. जून-जुलैत घोडबंदर रोडच्या पट्ट्यात काय किंवा घणसोली-ऐरोलीत काय, वीज मधूनच डोळा मिचकावते. मशीन रिस्टार्ट झालेलं दिसतं. महावितरण की कोअर ३? विंडोजची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, उघडलं तर कर्नल-पॉवर ४१ ही नोंद दोन्ही वेळा सारखीच हजर, कारण विंडोज नीट बंद झालं नाही एवढंच ती सांगते. मग रॅम बदलून बघा, पॉवर सप्लायवर आळ घ्या, चोर सोडून संन्याशाला फाशी. यावर एक उपाय आहे. बायोसमध्ये वीज परत आल्यावर काय करायचं ते सेटिंग ‘ऑफ’वर ठेवा. खरंच वीज गेली असेल तर मशीन बंद राहील; कोअर पडला असेल तर ते आपलं आपण पुन्हा सुरू झालेलं असेल. अगदी निमिषभराच्या झटक्यात हाही पुरावा फसू शकतो, म्हणून मध्ये यूपीएस असलेला चांगला. आणि ४१च्या आसपास व्हीआ-लॉगरची (विंडोजमध्ये हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा भाग) १८ नंबरची नोंद शोधा. त्यात एपिक आयडी, म्हणजे चूक झालेल्या धाग्याचा क्रमांक, असतो. ५६००एक्ससारख्या सहा कोअरच्या चिपवर, एसएमटी (एका कोअरवर दोन धागे चालवायची सोय) चालू असताना, त्याला दोनने भागा: आयडी ६ किंवा ७ म्हणजे कोअर ३. ही मोजणी शून्यापासूनची आहे. रायझन मास्टर (एएमडीचं ट्यूनिंगचं सॉफ्टवेअर) एकपासून मोजतं, त्यामुळे नको त्या कोअरचा आकडा बदलून बसणं सहज घडतं. शिवाय ती १८ दरवेळी नोंदली जातेच असं नाही.

सापडलेल्या कोअरला ३ ते ५ आकडे परत द्यायचे (उणे २० असेल तर उणे १५ ते १७ करायचं) आणि कोअरसायकलर लावायचा. तो एकेका कोअरवर पाळीपाळीने काम टाकतो. कोअरमागे ६ मिनिटं धरली तर सहा कोअरची एक फेरी ३६ मिनिटांची. एका फेरीने काही सिद्ध होत नाही, रात्रभर चालू द्यावं लागतं. रायझन मास्टरमध्ये चांदणी-ठिपका मिळालेले दोन ‘उत्तम’ कोअर बहुधा सगळ्यात नाजूक निघतात, कारण त्यांना कारखान्यातूनच सगळ्यात वर पळवलेलं असतं. त्यांना उणे ५ ते १०, बाकीच्यांना उणे १५ ते २० अशी सुरुवात शहाणपणाची.

हे सगळं दोन्ही वाटांना एक्सएमपी (रॅमला तिच्या जाहीर वेगावर चालवणारं सेटिंग) बंद ठेवून करायचं. रॅमचा गोंधळ यात मिसळला की काहीच कळत नाही. प्रोसेसर पक्का झाल्यावर एक्सएमपी चालू करा आणि मेमटेस्ट८६ (रॅमची चाचणी) वेगळं लावा.

फिक्स्ड क्लॉक सोवळा आहे असं नाही. मॅन्युअल मोडमध्ये ५६००एक्सची ७६ वॅटची पीपीटी मर्यादा (प्रोसेसर किती वीज खेचेल त्यावरचं बंधन) लागू राहत नाही, आणि खोली जितकी तापते जवळपास तितकाच प्रोसेसर तापतो. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत ७८ दाखवणारं मशीन मेमध्ये ३४च्या खोलीत ८७ला जाईल. म्हणून थंडीत सेटिंग लावताना दहा अंशांची जागा सोडा. बांधकामांच्या धुळीने पुढची जाळी आठवड्या-पंधरा दिवसांत भरते, ती आधी झाडा आणि मग व्होल्टेजला हात लावा.

फक्त गेम खेळणार असाल तर कर्व्ह ऑप्टिमायझर घ्या, पण सरसकट उणे १०वर थांबा. तिथे त्रास क्वचितच होतो. ५८००एक्स३डी असेल तर मल्टिप्लायर लॉक असल्याने माझी आवडती वाट बंदच. रेंडर किंवा एक्स्पोर्ट लावून झोपणाऱ्यांनी मात्र ५६००एक्सला १.२५ व्होल्टवर ४.४ गिगाहर्ट्झपासून सुरुवात करून बघावी. चिप चांगली निघाली तर २५-२५ मेगाहर्ट्झने वर चढता येईल, आणि जिथे अडेल तिथे प्राइम९५ बहुधा पहिल्या तासातच सांगेल.